नोंद नाही, म्हणून नाही?

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथील घरकुल वसाहतीत महिला दिनाच्या निमित्ताने झालेल्या बैठकीतले हे भाषण. बोलण्यातला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला इथे खुर्चीवर बसवलंय आणि तुम्ही सतरंजीवर बसलायत, त्यामुळे फार अवघडल्यासारखं होतंय. तुमच्यातल्या निम्म्या जणींनी मला फ्रॉकमध्ये पाहिलंय. मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसलेल्या आईशेजारी बसून मी पाढे म्हणायची, तेही पाहिलंय. तेव्हा आज मी भाषण करत नाही, हिशोब देते आहे. तुम्ही अधूनमधून आईला विचारता ना, "पोरगी एवढी वर्षं शिकते तरी काय?" त्याचा हिशोब.

मी आधी तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. मग ग्रंथालय आणि माहितीशास्त्र शिकले. आता या दोन शेतांच्या मधल्या बांधावर उभी राहून संशोधन करते. तत्त्वज्ञानातल्या ज्या शाखेशी माझा संबंध येतो तिला मराठीत 'सत्ताशास्त्र' म्हणतात. हे नाव ऐकल्यावर आमच्या शेजारचे काका म्हणाले होते, "म्हणजे निवडणुकीला उभी राहणार की काय?" सगळे हसले. मी त्यांना समजावलं, की काका, ही सत्ता वेगळी. सत् म्हणजे असणं. जगात काय काय आहे, ते कोणकोणत्या प्रकारचं आहे आणि एकमेकांशी कसं जोडलेलं आहे, याचा विचार म्हणजे सत्ताशास्त्र. आज इतक्या वर्षांनी वाटतं, काका फारसे चुकले नव्हते. काय 'आहे' आणि काय 'नाही' हे ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात असतो, त्याच्याच हातात बहुतेक वेळा दुसरी सत्ताही असते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका खिडकीपाशी उभं राहून कळलं.

माझी आजी विडी कामगार होती. तिच्याकडे ओळखपत्र होतं, फंडाचा नंबर होता. आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली तुम्ही बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढलेत, आणि त्यातून कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची ही दहा हजार घरं उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं मिळाली. त्यातलं आमचं घर आजीच्या नावावर, कारण ओळखपत्र आजीचं.

आई १९८८ साली लग्न होऊन आली. तेव्हापासून ती आजीच्या पुस्तकावर विड्या वळायची. पान भिजवायचं, कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला आठशे, कधी नऊशे. पुढे आजीचे डोळे अधू झाले, हात थांबले. पुस्तकावर मात्र विड्या चढतच राहिल्या. त्या सगळ्या आईच्या होत्या. यात कुणी कुणाला फसवत होतं असं नव्हे. घरात एकच पुस्तक, आणि ते सासूचं. किती घरांत असंच आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

२०११ साली आजी गेली. दिवस झाल्यावर आईला घेऊन मी एका कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने यादी पाहिली, मग संगणकावर पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुमचं नाव नाही." आई म्हणाली, "साहेब, विड्या मीच वळत होते." त्याने पुन्हा पाहिलं. "असेल. पण नोंद नाही ना. नोंद नाही म्हणजे काम नाही." तो माणूस उर्मट नव्हता. त्याने आईला बसायला सांगितलं, पाणीही दिलं. त्याच्यासमोर जे होतं ते त्याने वाचून दाखवलं, इतकंच.

रिक्षात बसल्यावर आईने मला विचारलं, "मग ती तेवीस वर्षं मी काय करत होते?"

मी तेव्हा एम.ए.ला होते. अस्तित्व म्हणजे काय, यावर परीक्षेत वीस गुणांचा प्रश्न यायचा आणि मी तो चांगला सोडवायची. आईच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं असं म्हणणं खोटं होईल. पण त्यानंतर जे काही वाचलं ते त्या खिडकीपाशी नेऊनच वाचलं.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, सोपं आहे.

'पदार्थ' म्हटलं की आपल्याला पोहे-उपमा आठवतो. पण जुना अर्थ वेगळा. पद म्हणजे शब्द, आणि त्या शब्दाने जे दाखवलं जातं तो पदार्थ. आपल्याकडे वैशेषिक नावाची विचारपरंपरा आहे, कणादांची. जगात जे काही आहे त्याचे प्रकार किती, असा तिचा प्रश्न. उत्तर होतं सहा: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. पुढच्या विचारवंतांनी त्यात सातव्याची भर घातली. तो सातवा पदार्थ म्हणजे 'अभाव', नसणं. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त हे सातही पदार्थ आहेत. नसणं हेसुद्धा समजून घ्यावं लागतं, त्याचेही प्रकार असतात, हे त्या लोकांच्या लक्षात आलं होतं.

त्यांचं आवडतं उदाहरण घटाचं. कुंभारीत बसून घटाचं उदाहरण द्यायला मला आवडतं! मडकं घडण्याआधी नसतं, तो प्रागभाव. फुटल्यावर नसतं, तो प्रध्वंसाभाव. काही गोष्टी काही ठिकाणी कधीच नसतात, जसं वाऱ्याला रूप नसतं, तो अत्यंताभाव. आणि मडकं म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. चार वेगवेगळी 'नाही'. खिडकीतल्या माणसाकडे मात्र एकच 'नाही' होतं.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कळतं कसं? 'दिसत नाही म्हणून नाही', एवढं म्हणणं पुरत नाही. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही, तर मडकं नाही असं म्हणता येत नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, मडकं दिसेल अशा जागी नजर पोचायला हवी. 'असतं तर दिसलं असतं' अशी परिस्थिती असेल, तरच न दिसण्याला पुराव्याची किंमत. या अटीला ते योग्यानुपलब्धी म्हणतात. शब्द विसरलात तरी चालेल, अट लक्षात ठेवा. माझ्या आईचं नाव असायला त्या पुस्तकात जागाच नव्हती. एका पुस्तकावर एकच नाव. मग तिथे ते सापडलं नाही, यावरून काय सिद्ध होतं? काहीच नाही. खोलीत दिवाच नव्हता.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही थोर परंपरा शिकण्याची मुभा आपल्या आज्या-पणज्यांना नव्हती. त्या ग्रंथांत बाईच्या कामाचा विचार शोधायला जाऊ नका. मी तिथून अवजार घेतलंय. अवजार कुणाच्याही घरचं असो, आपल्या कामाला आलं पाहिजे.

आता माहितीशास्त्राकडे येते. ग्रंथालयात पुस्तकं मांडायची तर आधी ठरवावं लागतं, कोणत्या विषयाशेजारी कोणता विषय ठेवायचा. अमेरिकेतल्या मेल्विल ड्यूईने १८७६ साली दशांश वर्गीकरण काढलं. आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत आजही तेच चालतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत 'स्त्रियांचं स्थान' या विषयाला ३९६ हा क्रमांक होता. अलीकडे ३९५ ला शिष्टाचार, पलीकडे ३९७ ला भटक्या जमाती, त्यापुढे ३९८ ला लोककथा. म्हणजे आपण रीतिरिवाजांच्या कपाटात! श्रम दुसऱ्या कपाटात, कायदा तिसऱ्या, अर्थशास्त्र आणखी वेगळ्या. पुढे ते बदललं, स्त्रियांचा विषय समाजगटांबरोबर ३०५.४ ला आला. ग्रंथपाल स्त्री-पुरुषांनी आवाज उठवला म्हणून अशा गोष्टी बदलतात. पण कित्येक वर्षं ज्या मुलीने कपाटात हात घातला, तिच्या हाताला 'बाई म्हणजे रीतिरिवाज' हाच अर्थ लागला.

आपल्या देशात या विषयाचा पाया घातला तो एस. आर. रंगनाथन यांनी. ते गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३३ साली त्यांनी आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती छापली. ते म्हणाले, प्रत्येक विषयाला आधीपासून एकच खण देऊ नका. विषयाचे पैलू सुटे करा आणि मग गरजेप्रमाणे जोडा. त्यांचे पाच मूळ पैलू होते: व्यक्तित्व, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. १९६२ साली त्यांनी बंगळूरला भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. संगणकात ज्ञानाची मांडणी कशी करायची, यावर तिथले लोक आजही काम करतात. इटलीतल्या त्रेंतो विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर त्यांनी रंगनाथनांचे पैलू संगणकाच्या भाषेत उतरवण्याचं काम केलं. आपल्या मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात तत्त्वज्ञान शिकलेल्या नागार्जुन यांनी ज्ञानाचं जाळं विणणारी संगणकप्रणाली उभी केली. अमेरिकेत बफेलोला बॅरी स्मिथ हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक याच विषयात काम करतात. त्यांनी मांडलेला मूळ पदार्थांचा आराखडा २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला. म्हणजे कणादांचा प्रश्न आता संगणकवाल्यांचाही प्रश्न झाला आहे, आणि तो शिकायची सोयही झाली आहे.

का झाला? कारण यंत्राला काहीच आपोआप कळत नाही. 'विडी कामगार' म्हणजे कोण, 'घर' म्हणजे काय, घरात राहणारी बाई कामगार असू शकते की नाही, हे सगळं आधी कुणीतरी लिहून द्यावं लागतं. १९९३ साली टॉम ग्रुबर यांनी या लिहून देण्याची व्याख्या केली. त्याला नाव तत्त्वज्ञानातलंच जुनं, ऑन्टॉलॉजी. आपल्या भाषेत सांगायचं तर, रकाने आखण्याआधी मनात जो नकाशा असतो तो स्पष्ट लिहून काढायचा.

आणि इथेच मला आईच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर सापडलं. संगणकाला 'नाही' कळण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत अशी, की जे माझ्या यादीत आहे तेवढंच खरं, बाकी सगळं खोटं. १९७८ साली रेमंड रायटर या संशोधकाने तिला नाव दिलं, बंद जगाचं गृहीतक. रेल्वेच्या आरक्षणाला ही रीत ठीक आहे. यादीत नाव नाही म्हणजे जागा नाही. दुसरी रीत खुल्या जगाची. जे यादीत नाही त्याबद्दल 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं. महाजालावर ज्ञान मांडण्यासाठी २००४ साली जी प्रमाण भाषा ठरली, ती या दुसऱ्या रीतीने चालते. म्हणजे यंत्रालासुद्धा 'मला माहीत नाही' म्हणायला शिकवता येतं. खिडकीतल्या माणसाला ते कुणी शिकवलं नव्हतं. त्याची यादी बंद जगाची होती आणि आईचं आयुष्य खुल्या जगातलं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण यातून पदरात काय पडणार? म्हणून आता कायद्याचं सांगते. ते तुमचंच आहे.

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. त्यात 'कर्मचारी' कोण, याची व्याख्या होती. मालकाने किंवा ठेकेदाराने कच्चा माल दिला आणि बाईने घरी बसून विड्या वळल्या, तर तीही कर्मचारी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. त्याआधीही बायका घरी विड्या वळतच होत्या. पण कारखान्याचा दरवाजा हीच कामगाराची सीमा, असा नकाशा सगळ्यांच्या डोक्यात होता. कायद्याने ती सीमा आपल्या उंबऱ्याच्या आत आणली. हेच सत्ताशास्त्र. नवी बाई जन्माला आली नाही, नवा रकाना जन्माला आला, आणि जी होतीच ती दिसू लागली.

मालक कोर्टात गेले. १९७७ पासून विडी धंद्याला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला, तेव्हा पुन्हा गेले. त्यांचं म्हणणं असं, की या बायका घरी बसतात. केव्हा काम करतात, कसं करतात, यावर आमचा काही ताबा नाही. मग त्या आमच्या कामगार कशा? १९८५ साली पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ताबा म्हणजे समोर उभं राहून पहारा करणं एवढंच नव्हे. बाईने आणलेल्या विड्या तपासून, वाईट म्हणून नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे. तो हक्क हाच पुरेसा ताबा आहे. म्हणून या बायका कामगारच आहेत, आणि फंड त्यांनाही लागू.

लक्षात आलं का? नाकारण्याचा हक्क म्हणजे छाट! आपण जिला आयुष्यभर शिव्या घातल्या ती छाट. मूठभर विड्या बाजूला काढायच्या, त्यांचे पैसे द्यायचे नाहीत, आणि वर बोलणी. त्या छाटीनेच कोर्टात साक्ष दिली, की या बाईला मालक आहे. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री अकरा वाजता आईला फोन केला होता. आई म्हणाली, "छाटीचा एवढा उपयोग होता, तर मोजून ठेवली असती."

आई गमतीने म्हणाली, पण त्यात माझ्या सगळ्या प्रबंधाचं सार आहे. मोजून कोण ठेवतं? मालकाने त्याला हवं ते मोजलं, सरकारने त्याला हवं ते. आपण आपलं काही मोजलं नाही.

सरकारी मोजणीचंच पाहा. देशातल्या कामगारांची जी नमुना पाहणी होते, तिच्यात प्रत्येक माणसाला दोन आकडी क्रमांक देतात. मजुरी करणारे, स्वतःचा धंदा करणारे, घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे, यांचे क्रमांक वेगवेगळे. 'फक्त घरकाम करते' याला क्रमांक ९२. घरकाम करून शिवण, सरपण वगैरे घरच्यासाठी करते, तिला ९३. नव्वदीच्या पुढचे सगळे श्रमशक्तीच्या बाहेर. दुसरीकडे व्यवसायांची राष्ट्रीय सूची आहे, तिच्यात तंबाखूचा माल बनवणाऱ्यांचा गट ७५१६. आता दारात माणूस आला, त्याने विचारलं, "घरात कामाला कोण जातं?" आणि नवऱ्याने किंवा सासऱ्याने सांगितलं, "मी जातो, ती घरीच असते." संपलं. बाई तीच, दिवस तोच, बोटं तीच. पण ७५१६ ची झाली ९२. आणि ९२ म्हणजे काम न करणारी.

१९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच 'शेतावर किंवा घरच्या धंद्यात केलेलं बिनपगारी कामही धरून' असे शब्द पहिल्यांदा घातले गेले. स्त्री-अभ्यास करणाऱ्या बायका त्यासाठी भांडल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात एस.एन.डी.टी. विद्यापीठात १९६१ पासून ग्रंथालयशास्त्र शिकवलं जातं, आणि १९७४ साली नीरा देसाईंच्या पुढाकाराने तिथेच स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. एकाच विद्यापीठात एकीकडे मांडणी कशी करायची ते शिकवतात, दुसरीकडे मांडणीतून काय निसटलं ते शोधतात. मला या दोन्ही गोष्टी एकाच शिक्षणात हव्या होत्या, आणि त्याची दिशा तिथून दिसली.

पुढे २०१० साली एका अपघात-भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गांगुली यांनी नाराजी व्यक्त केली, की २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या गटात टाकलं आहे. आणि २०१९ ची वेळेच्या वापराची पाहणी काय सांगते? घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१, पुरुष २६. ते करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते, पुरुष ९७. पाच तासांना एकच मिनिट कमी! आपण हे राबणं रोज पाहतो. पण मिनिटांचा रकाना आखला गेला, तेव्हाच ते कागदावर 'आहे' झालं.

आता माझ्या मनातली शंकाही सांगते, नाहीतर हिशोब अर्धा राहील. नोंद झाली की सगळं झालं, असं नाही. नोंद पुसलीही जाते. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा विडीवरचा उपकर रद्द झाला. माझ्या मैत्रिणींच्या शिष्यवृत्त्या त्याच उपकराच्या निधीतून होत होत्या. आता त्या योजना अंदाजपत्रकात काय मिळेल त्यावर. हा प्रध्वंसाभाव, मडकं होतं आणि फुटलं. दुसरं, नोंद माणसाला बांधूनही ठेवते. 'विडी कामगाराची मुलगी' या रकान्यात मी किती वर्षं राहायचं? आणि तंबाखूच्या धुळीत खोकत बसण्याचं काम आपल्या मुलींच्या नावापुढे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलं जावं, असं आपल्यापैकी कुणाला वाटतं? मला नाही वाटत. तिसरं, यंत्रं. आईची बोटं पानं वळून वळून इतकी गुळगुळीत झालीत, की ठशाच्या यंत्राला ती ओळखताच येत नाहीत. ज्या कामाची नोंद नाही, त्याच कामाने तिची ओळख पुसली. यंत्र म्हणतं, "जुळत नाही." पुन्हा तेच बंद जग.

म्हणून मी नोंदीची पूजा करायला सांगत नाही. मी एवढंच म्हणते, की नोंद कशी होते हे आपल्याला कळलं पाहिजे, आणि रकाने आखले जातात तिथे आपण असलं पाहिजे. त्यासाठी तीन कामं सुचवते.

पहिलं, घरात दोघी-तिघी वळत असतील तर आपली वही आपण ठेवा. तारीख, विड्या किती, छाट किती, पैसे किती, आणि वळल्या कुणी. अक्षर वाईट असलं तरी चालेल. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी पोरीकडून लिहून घ्या. ही वही उद्या कुठे चालेल, असं वचन मी देत नाही. पण खोलीत दिवा लावायची सुरुवात अशीच होते.

दुसरं, २०२१ साली व्हायची जनगणना लांबली, तिचं वर्ष आता २०२७ ठरलं आहे. मोजणारे दारात येतील तेव्हा पुरुषांना पुढे करू नका. स्वतः सांगा, "मी विडी वळते." 'घरीच असते' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. २०२१ साली सरकारने ई-श्रम नोंदणी सुरू केली, तिच्यातही आपला व्यवसाय आपणच सांगायचा. आणि कुणी "नोंद नाही" म्हणालं, तर त्याला शांतपणे विचारायचं, "असती तर दिसली असती, असा रकाना तुमच्याकडे आहे का?" रकानाच नसेल, तर भांडण नावासाठी नाही, रकान्यासाठी करायचं.

तिसरं काम मुलींसाठी. मागे उभ्या आहात त्या तुम्ही. बारावीनंतर संगणक शिकायचं म्हणता, जरूर शिका. पण नुसती माहिती भरणाऱ्या होऊ नका. तक्ता कुणी आखला, का आखला, त्यात कोण सुटलं, हे विचारणाऱ्या व्हा. तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मला सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातल्या कुणीही आईच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. समोर रायनगरमध्ये तीस हजार घरांची वसाहत उभी राहते आहे. त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. एवढ्या घरांतल्या बायकांची कामं कुठल्या रकान्यात लिहिली जातील, ते ठरवायला सोलापूरचीच कुणी मुलगी बसली, तर काय वाईट?

शेवटी आईबद्दल. तिला त्या तेवीस वर्षांचं काहीही मिळालेलं नाही. मी अर्ज केले, फेऱ्या मारल्या, हाती काही लागलं नाही. हे लपवून मी तुम्हाला जिंकल्याची गोष्ट सांगणार नाही. पण माझ्या प्रबंधाचं पहिलं पान आहे ना, त्यावर मार्गदर्शकांचं नाव असतं, विद्यापीठाचं नाव असतं. त्याखाली मी एक ओळ घातली आहे. आईचं नाव, आणि पुढे: विडी कामगार, १९८८ पासून.

मी तिला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "१९८८ च्या वैशाखापासून, असं लिही."

तेवढी दुरुस्ती केली आहे.